दोन आठवडे आधी फुटणारी अंडी

पाटावरची फळी आली तेव्हा सात किलोमीटरांतले दोन चालून झाले होते, आणि तेवढ्या वेळात भाऊजींनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

"थांबा," ते आता म्हणाले. "ही मी बसून ओलांडतो."

"बसून?" वहिनींनी विचारलं.

"मग काय, उड्या मारत जाऊ?"

आणि खरंच, अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस घोड्यावर बसावा तसा फळीवर बसला. दोन पाय दोन बाजूंना, मांडीत निळी बादली, बादलीभोवती दोन्ही हात. वीतभर सरकायचं, थांबायचं, पुन्हा वीतभर. खाली पाटातलं पाणी गुडघाभरच होतं, पण ते दरीवरून जात असल्यासारखे जात होते. वहिनी मागून वाकून छत्री धरत होत्या.

"छत्री बादलीवर धरा, माझ्यावर नको."

"बादलीवरच धरलीय हो. तुमचं टक्कल मधे येतंय त्याला मी काय करू?"

एरवी या टोमण्याला त्यांच्याकडून दोन परत आले असते. दीर-भावजयीचं पस्तीस वर्षांचं हे चालत आलेलं भांडण होतं. आज ते फक्त पुढे सरकले. फळी संपली, तसे गुडघ्यावर उठले, बादलीत डोकावले, ओलं गोणपाट बोटानं उचलून बघितलं आणि म्हणाले, "चला."

बादलीत ओली वाळू होती आणि वाळूत सतरा अंडी, नदीतल्या कासवाची. लांबट, पांढरी, लिंबाहून थोडी मोठी. प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीनं फुली काढली होती. ती फुली आभाळाकडेच राहायला हवी होती. कोंबडीचं अंडं उलटंपालटं झालं तरी चालतं. कोंबडी स्वतःच ते चोचीनं फिरवत असते, कारण आतला बलक दोन पीळदार दोऱ्यांवर तोलून धरलेला असतो. कासवाच्या अंड्यात ते दोरे नसतात. घातल्यापासून दिवसभरात आतला इवलासा जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि तिथेच वाढतो. अंडं उलटलं, की तो आपल्याच बलकाखाली दबून मरतो. बाहेरून काही कळत नाही. अंडं तसंच पांढरं दिसत राहतं आणि माणूस दोन महिने वेड्यासारखा वाट बघत बसतो.

ही अंडी नऊ दिवसांची होती. म्हणून गाडी नाही, स्कूटर नाही, कोणाची सायकलसुद्धा नाही. म्हणून बादलीची कडीही काढून टाकलेली. कडी असली की हात लोंबकळतो आणि बादली झुलते. बादली छातीशी धरायची, गुडघे किंचित वाकवायचे आणि पाऊल सपाट टाकायचं. भाऊजी तसे चालत होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कोणाचं तरी मूल झोपलंय आणि बाप त्याला उठवायला घाबरतोय.

गावात त्यांना नावानं कोणी ओळखत नसे. सगळ्यांना ते 'पट्टीवाले'. नदीच्या पात्रात एक उभी लोखंडी पट्टी रोवलेली होती, तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा. ती सकाळ-दुपार-संध्याकाळ वाचायची आणि रजिस्टरात लिहायची, ही त्यांची नोकरी. धरणातून पाणी सुटायचं असलं, की दर तासाला वाचायची. एकोणतीस वर्षांत त्यांचं एक वाचन चुकलं नव्हतं. बायको गेली त्या दिवशीही दुपारचा आकडा लिहिलेला होता. त्यावरून नातेवाइकांत पुष्कळ बोललं गेलं. वहिनी तेव्हा बोलल्या नव्हत्या. आपल्या या दिराला दुःख झालं की तो पाण्याकडे जातो, एवढं त्यांना ठाऊक होतं. आई नसलेली त्यांची लेक मग वहिनींकडेच राहिली, दहा वर्षं, शाळा संपेपर्यंत.

नोकरीला सातएक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. ऐन उन्हाळ्यात वरून पाणी सोडलं. वरच्या अंगाचा वाळूपट्टा बुडाला, आणि दुसऱ्या सकाळी पट्टी वाचायला गेलेल्या भाऊजींना पट्टीच्या पायाशी अंडी तरंगताना दिसली. काही फुटलेली. एका फुटक्या अंड्यात पाय, शेपूट, डोळे, सगळं तयार झालेलं पिल्लू होतं. ते तळहातावर घेऊन ते तसेच उभे राहिले. पाणी वाढणार हे त्या टापूत सगळ्यांत आधी कोणाला कळतं? त्यांनाच. आणि तरी त्यांनी काही केलं नव्हतं.

पुढच्या वर्षापासून त्यांनी अंडी हलवायला सुरुवात केली. पहाटे वाळूवरच्या खुणा बघत जायचं, कासव रात्री अंडी घालून गेलेलं असलं की ती त्याच सकाळी, आतला जीव चिकटायच्या आत, उचलायची. आपल्या खोलीमागे, पूर कधी येणार नाही अशा उंच, कोरड्या, उघड्या जागेत त्यांनी वाळूचा चौक केला. कोल्हा नि घोरपड येऊ नये म्हणून भोवती पत्र्याचं कुंपण. पाण्याला घाबरलेला माणूस तो. त्यानं पाण्यापासून जितकं लांब आणि उन्हाच्या जितकं जवळ नेता येईल तितकं अंड्यांना नेलं. बावीस वर्षं. तीन हजारांवर पिल्लं त्यांनी आपल्या हातानं नदीत सोडली. आणि वाळूपट्ट्यावर जी अंडी फुटायला साठ-बासष्ट दिवस घेत, ती त्यांच्या कुंपणात अठ्ठेचाळीस दिवसांत फुटत.

याचा त्यांना कोण अभिमान! "माझ्याकडे पोरं लवकर येतात," म्हणायचे. "लाड होतात ना त्यांचे."

गेल्या महिन्यात लेक आली. प्राणिशास्त्र शिकून आता ती कासवांवरच काम करते. येताना तिनं पेनाएवढे सहा थर्मामीटर आणले होते. चार बापाच्या कुंपणातल्या वाळूत पुरले, एक वाळूपट्ट्यावर, एक नदीपलीकडे वळणावरच्या झाडांखाली. आठ दिवसांनी काढले, आकडे लिहिले आणि पुन्हा पुन्हा तपासले.

मग तिनं विचारलं, "बाबा, तू नर शेवटचा कधी बघितलास?"

या कासवांत नराला हिवाळ्याच्या शेवटी डोक्यावर लाल पट्टा येतो. भाऊजींना आठवत होतं. सुरुवातीच्या वर्षांत ओंडक्यावर ऊन खात सहा-सात लाल डोकी बसलेली असायची. मग चार. मग दोन. शेवटचा एक दिसला त्याला चार वर्षं झाली.

"लाजाळू झालेत," ते म्हणाले.

"नाही बाबा," लेक म्हणाली, आणि तिला रडू आलं.

माणसाचं बाळ मुलगा की मुलगी हे आईच्या पोटात पहिल्याच क्षणी ठरतं. या कासवांचं तसं नसतं. अंडं वाळूत असताना, मधल्या तीन आठवड्यांत, वाळू किती गरम आहे त्यावर ते ठरतं. वाळू अठ्ठावीस अंशांची असली तर नर. एकतीसच्या वर गेली की सगळ्या माद्या. आणि कुंपणातली वाळू तेहेतीस होती. उघडी जागा, कोरडी वाळू, चारी बाजूंनी तापलेला पत्रा. पिल्लं लवकर येत होती ती लाडानं नाही, त्या भाजण्यानं. बावीस वर्षांत नदीत सोडलेली जवळजवळ सगळी पिल्लं माद्या होती. जुने नर म्हातारे होऊन, जाळ्यांत अडकून एकेक करून संपले आणि त्यांच्या जागी कोणी आलंच नाही.

या वर्षी वाळूपट्ट्यावर अकरा घरटी सापडली. अंड्यात जीव असला की तीन-चार दिवसांत माथ्यावर खडूसारखा पांढरा डाग येतो. दहा घरट्यांतली अंडी डागाविना, कोरी निघाली. माद्या आल्या, खड्डे खणले, अंडी घातली, वाळू सारखी केली आणि गेल्या. आत काहीच नव्हतं.

अकराव्या घरट्यात सतरा अंडी होती, आणि सतराही अंड्यांवर डाग होता.

म्हणजे कुठेतरी अजून एक नर होता. म्हातारा, एकटा. पुढच्या वर्षी असेल की नाही, कोण जाणे. त्याची सतरा अंडी आज निळ्या बादलीत होती. ती वाळूपट्ट्यावरच, आईनं घातली तिथेच, वर सावलीचं कापड बांधून ठेवायचं ठरलं होतं. पण काल संध्याकाळी धरणावरून निरोप आला: उद्या सकाळी साडेनऊला दारं उघडणार. लेक शहरात होती, आज रात्रीपर्यंत पोचणार नव्हती. फोनवर ती एवढंच म्हणाली, "बाबा, वळणावरच्या झाडांखाली ने. तिथे अठ्ठावीस आहे. नर की मादी हे अजून ठरलेलं नाही त्यांचं. अजून वेळ आहे."

वळणावरची झाडं नदीच्या पलीकडे होती. मधे नदी ओलांडायला एकच उतार होता, पायी जाता येईल अशी उथळ जागा. पाणी तिथे यायला दार उघडल्यापासून दीड तास लागतो, हे भाऊजींनीच एकोणतीस वर्षं मोजलेलं होतं. अकराला उतार बंद. त्याच्या आत बादली पलीकडे जायला हवी होती.

वहिनी तिथे होत्या त्या योगायोगानं नाही. लेकीनं रडत फोन केला होता, "काकू, बाबा जेवत नाहीये." त्या चार कपडे पिशवीत भरून आल्या, तर भाऊजी खोलीत पाठमोरे बसलेले. तीन दिवसांत त्यांनी किती घास खाल्ले ते वहिनींनी मोजले असते तर दोन्ही हातांच्या बोटांत मावले असते.

"काय सांगू वहिनी," एवढंच एकदा म्हणाले होते, "पाण्यानं वर्षाला एकदा मारलं असतं. मी रोज मारत होतो. वर पाणी शिंपडून, कुंपण घालून, राखण करून."

वहिनींनी ताट पुढे सरकवलं. त्या स्वतः एक गोष्ट मनात दाबून बसल्या होत्या, आणि ती गोष्ट खोलीच्या भिंतीवरच टांगलेली होती.

साडेआठला खोली दिसायला लागली. ऊन चढलं होतं. वहिनींनी बाटलीतलं पाणी गोणपाटावर शिंपडलं. पायवाट इथे फुटते; डावीकडे खोली आणि कुंपण, सरळ गेलं की उतार. भाऊजी पुढे होते. वाट फुटली तसे ते डावीकडे वळले. सहज, न थांबता. दहा-बारा पावलं गेले.

"भाऊजी."

ते चालतच राहिले.

"अहो भाऊजी, कुठे निघालात?"

ते थांबले. समोर पत्रा उन्हात चमकत होता. त्यांनी एकदा पत्र्याकडे बघितलं, एकदा बादलीकडे. 

"पाय गेले," ते म्हणाले. "बघा ना वहिनी. मला सगळं कळलंय, आणि पाय तिकडेच गेले. तुम्ही नसता तर मी नेऊन पुरली असती. नेऊन, पाणी शिंपडून, हात जोडून आलो असतो."

"मी आहे ना. फिरा मागे. हळू. बादली सपाट."

खोलीच्या दारातून आतली भिंत दिसत होती. त्यावर मासिकाचं एक पान, प्लॅस्टिकमध्ये घालून, खिळ्याला टांगलेलं. नऊ वर्षं झाली होती त्याला. वहिनी शाळेत शिकवायच्या तेव्हापासून मुलांच्या एका मासिकात प्राणी-पक्ष्यांचं पान लिहीत आलेल्या. त्यांनी एका अंकात आपल्या दिरावर लिहिलं होतं. फोटोत भाऊजी कुंपणाच्या पत्र्यावर हात ठेवून हसत उभे. खाली वहिनींचा मजकूर: 'पट्टीवाल्या काकांच्या कुंपणात अंडी चक्क दोन आठवडे आधी फुटतात! तुमच्या गावाजवळ नदी असेल तर तुम्हीही असं कुंपण करू शकता. जागा मात्र उंच आणि भरपूर उन्हाची निवडा.' उद्गारचिन्ह त्यांनीच घातलं होतं. संपादकांनी काढायला सांगितलं तेव्हा हट्टानं ठेवलं होतं.

त्या पानाला मुलांची पत्रं आली होती. चार वेगवेगळ्या नद्यांकाठच्या शाळांनी कुंपणं केली होती. एका शाळेनं फोटो पाठवला होता. त्यांनीही पत्राच लावला होता. पत्रं वहिनींच्या घरी कपाटात, बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेली होती.

भाऊजींनी त्या दाराकडे बघितलं की नाही, ते वहिनींना कळलं नाही. त्यांनी फक्त नदीकडे मान वळवली, काठावरूनच पट्टी वाचली आणि म्हणाले, "एकशे बारा. वहिनी, आत रजिस्टर आहे, नऊच्या रकान्यात लिहा. अर्धा तास आधीचं आहे, पण असू दे. पुढच्या जागा संध्याकाळपर्यंत कोऱ्या राहतील." थोडं थांबून म्हणाले, "राहू देत."

वहिनींनी आकडा लिहिला. भिंतीकडे त्यांनी वर मान करून बघितलं नाही.

खोलीपासून किलोमीटरभर गेल्यावर भाऊजींचा डावा हात आखडला. आधी बोटं, मग कोपरापर्यंत. तोंड पांढरं पडलं.

"घ्या," ते म्हणाले. "लवकर. खालून हात घाला. दोन्ही. हां. आता मी सोडतोय."

बादली वहिनींच्या छातीशी आली. चौसष्ट वर्षांच्या त्या बाईनं ती दोन्ही हातांनी कवटाळली. ओल्या वाळूचं वजन, आणि त्यात वजन नसलेली ती सतरा.

"पाऊल कसं टाकू?"

"टाच आधी नको. अख्खा तळवा. आणि खड्ड्याकडे बघा, बादलीकडे बघू नका. देवाला पोटात ठेवा, डोळे जमिनीवर."

देव पोटातच होता. पावलागणिक त्या नाव घेत होत्या, रोज सकाळी घेतात तसंच. पण मागावं काय, ते त्यांना कळेना. तीस वर्षं शाळेत त्यांनी आयाबापांना झापलं होतं. देवाकडे मुलगाच का मागता, मुलीनं तुमचं काय घोडं मारलंय, म्हणून भर सभेत सुनावलं होतं. आणि आता भर उन्हात बादली घेऊन त्या स्वतः म्हणत होत्या, 'देवा, यातले थोडे तरी मुलगे होऊ देत. अरे, थोडे तरी.' त्यांना हसू आलं, आणि हसू आल्याबरोबर डोळे भरले, आणि डोळे भरल्यावर खड्डा दिसेना.

"रडू नका," भाऊजी बाजूनं म्हणाले. ते आखडलेला हात मांडीवर आपटत चालत होते. "पाऊल चुकेल."

"मी नाही रडत. ऊन आहे."

"मग छत्री द्या इकडे. माझा एक हात चालू आहे अजून."

उतारावर पोचले तेव्हा पावणेअकरा झाले होते. हात मोकळा झाला तशी बादली भाऊजींनी परत घेतली. पात्र इथे रुंद होतं, शंभरेक पावलांचं. पाणी पोटऱ्यांपर्यंत, तळ गोट्यांचा. भाऊजी आधी शिरले. वहिनींनी एका हातात छत्री धरली, दुसऱ्या हातानं त्यांचा शर्ट पाठीमागून मुठीत घट्ट धरला. एक पाय सरकवायचा, गोटा हलतो का बघायचं, मग वजन टाकायचं.

अर्धं पात्र ओलांडलं होतं तेव्हा भाऊजी थांबले.

"काय झालं?"

ते पाण्याकडे बघत होते. वहिनींना काही वेगळं दिसलं नाही. मग एक वाळलेली काटकी वाहत आली, तिच्यामागे थोडा फेस.

"लवकर आलं," ते हळू आवाजात म्हणाले. "आधी उघडलं असणार. चार सेंटीमीटर चढलंय."

"तुम्हाला कसं कळतं?"

"वहिनी, मला दुसरं काय येतं? चला. आता गोटे तपासत बसू नका. माझ्या पायावर पाय टाका."

पुढची चाळीस-पन्नास पावलं वहिनींना कधी नीट आठवली नाहीत. पाणी गुडघ्याला लागलं ते आठवतं. भाऊजी मोठ्यानं आकडे म्हणत होते ते आठवतं, "सात... अकरा... सतरा...", जशी काही पट्टी त्यांच्या पायात रोवलेली होती. एका ठिकाणी त्यांचा पाय घसरला. ते पडले असते, पण पडताना त्यांनी हात सोडले नाहीत. एक गुडघा गोट्यावर जोरात आपटून तिथेच घट्ट रोवला आणि बादली छातीशी वर उचलून धरली. त्यांच्या घशातून आवाज आला तो वहिनींनी त्याआधी फक्त एकदा ऐकला होता, जाऊ गेली तेव्हा.

"उठा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी छत्री सोडून दिली. ती पाण्यावर उलटी होऊन निघून गेली. दोन्ही हातांनी त्यांनी दिराला काखेतून उचललं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी त्यांना हातही लावला नव्हता.

काठावर आल्यावर मागे वळून बघितलं तर उतार राहिला नव्हता. तपकिरी पाणी एकसंध चाललं होतं. वर, सहाएक किलोमीटरवर, वाळूपट्टा आतापर्यंत पूर्ण बुडाला असणार. त्या दहा कोऱ्या घरट्यांसकट.

झाडांखाली गारवा होता. लेकीनं थर्मामीटर पुरला होता तिथे खुणेची काठी खोचलेली होती. भाऊजी लंगडत तिथे गेले. गुडघ्यातून रक्त पायावर ओघळलं होतं. वहिनींनी रुमाल पुढे केला तर "नंतर" म्हणाले. पालथे पडून त्यांनी हातानं खड्डा खणला, आधी अरुंद, खाली गोल, माठासारखा. आई मागच्या पायांनी खणते तसाच. खोली कोपरापर्यंतची. मग एकेक अंडं दोन बोटांत उचलून, फुली वर ठेवून, आत मांडू लागले. वहिनी मोजत होत्या.

तेरावं अंडं उचलताना ते थबकले. त्याची फुली बाजूला गेली होती. पाव वळण. उतारातच झालं असणार, तो गुडघा आपटला तेव्हा.

"पाव वळणानं मरतं का?" वहिनींनी विचारलं.

"माहीत नाही." त्यांनी ते अंडं जिकडून वळलं होतं तिकडेच हळूच परत फिरवलं, फुली वर आली. "माहीत नाही मला. बावीस वर्षं झाली, आणि मला हेही माहीत नाही."

त्यांनी ते शेजारी छोटा खड्डा करून वेगळं पुरलं. त्यावर काडी खोचली. मग उरलेली चार मांडली, वाळू ओढली, तळव्यानं हलकेच दाबली. सोळा आणि एक.

नंतर ते झाडाला टेकून बसले. उठायचं त्राण त्यांच्यात राहिलं नव्हतं. वहिनींनी गुडघा धुतला, बांधला. पिशवीतली पोळी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, पण तोंडात घातली नाही. पलीकडच्या काठावर, लांब, त्यांच्या खोलीचं छप्पर दिसत होतं आणि शेजारी पत्र्याची एक लखलखती रेघ.

"नर निघाले तरी," ते म्हणाले, "नदीत मोठे होऊन जोडीला यायला सात-आठ वर्षं लागणार. तोवर तो म्हातारा जगतो की नाही... आणि यातली किती जगतील? शंभरातलं एखादंच जगतं. सोळात किती?"

वहिनींनी गुडघ्यावरच्या रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली. 

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मासिकाला मी लिहीनच यावर. ही फुटू देत. साठ दिवसांनी पिल्लं निघाली, ती पाण्यात गेली, की लिहिते. मुलांना वाचायला काहीतरी चांगलं..."

"नको."

त्यांनी मान वळवून प्रथमच सरळ वहिनींकडे बघितलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"ते पान मी बघितलं मघाशी. तुम्ही बघितलं नाहीत, तेही बघितलं. तुम्हाला काही बोलत नाही मी, वहिनी. मी सांगितलं ते तुम्ही लिहिलंत. पण त्या चार शाळांची पोरं आत्ता, या उन्हाळ्यात, पत्र्याच्या आत अंडी पुरत असतील. त्यांची नदी अजून आमच्या नदीसारखी झाली नसेल. त्यांच्याकडे लाल डोकी असतील अजून. माझ्या अंड्यांची वाट बघत थांबाल, तर त्यांचे अठ्ठेचाळीस दिवस संपून जातील." त्यांनी हातातली पोळी खाली पिशवीवर ठेवली. "संध्याकाळी पाणी उतरलं की आपण जाऊ. गेल्या-गेल्या लिहायला बसा. गोड काही लिहू नका. मी काय चुकलो ते लिहा, वाळू किती गरम होती तो आकडा लिहा, पत्रा आधी काढा म्हणून लिहा. त्या चार शाळांना वेगळी पत्रं टाका, अंक निघायची वाट बघू नका. आणि फोटो तोच छापायला सांगा वहिनी, पत्र्यावर हात ठेवलेला, हसणारा. पोरांनी मला तसाच बघितलाय."